तिरप्या काचांची खिडकी

आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं भांडण एका वीतभर खिडकीवरून झालं. बाथरूमची खिडकी. तिरप्या काचांच्या पट्ट्या, मधल्या फटींतून हवा येणार, बाहेर इमारतीची उघडी डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली पोकळी. वारज्याला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तो आम्हाला हॉलमधल्या टाइल्स दाखवत होता आणि आम्हीही अडाण्यासारखे टाइल्सच बघत होतो.

भांडण माझं आणि सासऱ्यांचं. त्यांना घरात सगळे आबा म्हणतात. आबांना दमा. उभा जन्म फाउंड्रीत, भट्टीपुढे गेला. बाहेरचा माल येऊ लागला, कंपनीने जुन्या लोकांना निरोपाचे पैसे देऊन घरी बसवलं, आणि आबा छातीत शिट्टी घेऊन घरी आले. त्याच सुमारास त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आयटीत नोकरी लागली. मंडईमागच्या दोन खोल्या सोडून आम्ही वारज्याला आलो ते आबांच्या हवेसाठी. तिकडे टेकडी आहे, झाडी आहे, गर्दी नाही, असं नवरा सगळ्यांना सांगत होता. त्याच्यासारखंच बाकी निम्म्या पुण्यालाही वाटत होतं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

ती भारनियमनाची वर्षं. लाइट ठरल्या वेळी जायचे आणि ठरलेल्या वेळेला येत नसत. तिकडे हिंजवडीत काचेच्या इमारती रात्रंदिवस लखलखत होत्या, कारण त्यांच्यामागे डिझेलचे जनरेटर धडधडत होते. ते बघून शेजारच्या उंच सोसायटीनेही लिफ्टसाठी एक घेतला. ठेवला कंपाउंडच्या भिंतीला लावून, आणि धुराचं नळकांडं केलं आमच्या डक्टकडे. लाइट गेले की पाचव्या मिनिटाला आमच्या बाथरूममध्ये डिझेलचा वास, आणि दहाव्या मिनिटाला आबा पलंगावर ओणवे होऊन श्वास शोधत बसलेले. हातात पंप, डोळे विस्फारलेले. आमची शाळकरी लेक घाबरून त्यांची पाठ चोळत राही.

आबा शेजारच्या सोसायटीच्या चेअरमनना भेटायला गेले. चेअरमन सज्जन माणूस, बोलणं मवाळ. त्यांनी आबांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "अहो आबा, आम्ही तर धूर बाहेरच सोडलाय."

"हो ना," आबा म्हणाले. "तुमचं बाहेर म्हणजे आमची मोरी."

आणि चहा न पिता उठून आले.

त्यात आमच्या घरात गॅसचा गिझर आला. सकाळी लाइट नसायचे तर विजेचा गिझर काय पूजेला ठेवायचा? सगळेच घेत होते, आम्हीही घेतला. सिलिंडरवर चालणारा, ठिणगीपुरते दोन सेल. नळ सोडला की भप्प करून पेटायचा. लाइट गेले तरी आमचं अडत नाही, असं नवरा कौतुकाने पाहुण्यांना सांगायचा. बसवायला आलेल्या माणसाने तो बाथरूमच्या आतच, बादलीच्या वर ठोकला. जळलेली हवा कुठे जाणार, असं मी त्याला विचारलं. "बाहेर जाते मॅडम, खिडकी आहे की," असं म्हणून त्याने हत्यारं पिशवीत भरली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कार्बन चक्राची आकृती मी इतक्या वेळा काढली आहे की झोपेतही काढीन. डावीकडे झाड, मध्ये गाय आणि माणूस, खाली समुद्र, उजवीकडे कारखान्याचं धुराडं, आणि सगळीकडे बाण. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन लाकडात जातो, धान्यात जातो, आपल्या अंगात येतो, आणि आपण श्वास सोडला की परत हवेत. घेतला तेवढा दिला. मुली रंगीत पेन्सिलींनी बाण काढतात आणि वर्तुळ पुरं झालं की खूश होतात. मग मी धुराड्यावर बोट ठेवते. दगडी कोळसा, डिझेल, हा जमिनीत गाडला गेलेला कार्बन, माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचा. तो या वर्तुळात नव्हताच. तो आपण उकरून काढतो आणि लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर जाण्यासाठी जाळतो. झाडं आणि समुद्र आपापल्या परीने उचलतात बिचारे, पण आपण टाकतो त्या वेगाने त्यांना उचलता येत नाही. उरलेला हवेत साठत जातो.

आणि त्याच धड्याच्या शेवटी दोन मार्कांचा एक प्रश्न असे. ज्वलनाला हवा कमी पडली तर काय होते? कार्बन अर्धवट जळतो, त्याचा मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि माणसाला कळतसुद्धा नाही.

तर ही सगळी विद्या पोटात असलेली मी, आणि आबांनी एके दिवशी बाथरूमच्या त्या खिडकीला पुठ्ठा लावून चारी बाजूंनी खाकी चिकटपट्टी मारली. धूर यायचा बंद झाला. आबांना त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली. मी सकाळी पुठ्ठा फाडला. त्यांनी दुपारी दुसरा लावला. मी तोही फाडला. मला भीती गिझरची, आबांना भीती धुराची, आणि दोघांचीही भीती खरी होती, म्हणूनच कुणी मागे हटेना.

मी त्यांना जेवणाच्या टेबलावर वही उघडून आकृती काढून दाखवली. आबा म्हणाले, मंडईत जन्मभर बंब पेटवला, लाकडी कोळशावर, करवंट्यांवर, बंबाने कुणाला मारलं नाही. मी म्हटलं, तिथे मोरीवर कौलं होती आणि कौलांत हाताएवढ्या फटी होत्या. शिवाय तो कार्बन कालपरवाच्या झाडातला, हा डिझेलचा किती जुना. त्यावर आबा म्हणाले, जुना असो की नवा, खोकला तोच येतो. माझं डोकं तडकलं. मी आवाज चढवला. आबा रागावले की मला अहो-जाहो करायचे.

"सूनबाई, तुमचा कार्बन फळ्यावर फिरतो," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "माझा इथे अडकतो."

शेवटी नवऱ्याने मध्ये पडून तह केला. आंघोळीच्या वेळी खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा चालू. एरवी वाटलं तर पुठ्ठा. चिकटपट्टी अजिबात नाही. दोघांनीही तोंड वाकडं करून कबूल केलं, आणि पावसाळाभर ते बरं चाललं.

मग दिवाळी आली. नणंद आणि तिचा नवरा अमरावतीहून आले होते. नरक चतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत आंघोळ झाली नाही तर माणूस नरकात जातो, यावर आमच्या घरात, विज्ञानाच्या बाईंसकट, कुणीही वाद घालत नाही. त्यामुळे त्या पहाटे एक बाहेर आला की दुसरा आत, मध्ये दम घ्यायची सोय नाही, गिझर एकदा पेटला की पेटलेलाच. मी आदल्या संध्याकाळी खिडकीच्या काचा उघड्या असल्याचं बघून ठेवलं होतं. डोळ्यांत तेल घालून मी ते रोज बघत असे. माझी आंघोळ सगळ्यांत आधी, लाइट असताना, पंखा गरगरत असताना झाली.

दिवाळीत भारनियमन करणार नाही असं वीजवाल्यांनी सांगितलं होतं आणि शब्द पाळलाही. ट्रान्सफॉर्मरला मात्र कुणी सांगितलं नसावं. पहिले फटाके वाजत असतानाच तो मोठा आवाज करून उडाला आणि सगळा भाग काळोखात गेला. शेजारचा जनरेटर लगेच धडधडू लागला. आबा बॅटरीचा दिवा घेऊन आंघोळीला आत गेले. मी स्वयंपाकघरात एका हाताने चहा टाकत होते आणि दुसऱ्या हाताने नणंदेच्या नवऱ्यासाठी उटणं कालवत होते. लाइट गेले म्हणजे पंखाही गेला हे माझ्या लक्षात यायला हवं होतं म्हणावं, तर त्या गडबडीत पंख्याची आठवण कुणाला होणार होती?

आबा आले, पंचा झटकला, गॅलरीत जाऊन बसले. मग नणंदेचा नवरा गेला. मग नणंद. मग माझा नवरा. मग लेक आत गेली. ती तेव्हा आठवीत होती. कमरेपर्यंत केस आणि त्यात शिकेकाई, म्हणजे हिची आंघोळ हा एक सोहळाच, म्हणून तिला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

नणंद ओले केस टॉवेलात गुंडाळून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, वहिनी, डोकं फुटतंय गं, कुणीतरी आतून घण घालतंय असं वाटतंय. मी म्हटलं, रात्रभर गप्पा मारल्यात, दुसरं काय होणार. तिचा नवरा सोफ्यावर आडवा झाला होता. त्याला मळमळत होतं, आणि तो कालच्या चकल्यांना बोल लावत होता. चकल्या मी केल्या होत्या, त्यामुळे मला रागच आला. तेवढ्यात माझा नवरा सदरा घालता घालता भिंतीला धरून थांबला आणि हसत म्हणाला, च्यायला, मला पण गरगरतंय.

माझ्या हातात चहाची गाळणी होती. ती तशीच राहिली. तीन माणसं, तिघांनाही त्रास, आणि तिघंही एकाच दारातून बाहेर आलेली. मी गॅलरीत आबांकडे वळले आणि एकच शब्द विचारला, खिडकी? आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी अपराध आला आणि मग, माझं तोंड बघून, भीती आली.

मी धावले. दारावर थाप मारली, लेकीला हाक मारली. आतून फक्त पाणी पडत होतं. बादली भरून फरशीवर वाहणाऱ्या पाण्याचा तो आवाज. "ओ दे गं," मी ओरडले. "नुसती ओ दे." पाणी पडतच राहिलं. नवऱ्याने खांदा मारला. फायबरचं दार, पण कडी चिवट, पहिल्या धक्क्याला हललीच नाही. तो परत मागे गेला. त्या दोन धक्क्यांच्या मधला वेळ मला अजून पुरता संपलेला वाटत नाही.

ती बादलीपाशी पडली होती. केसांत शिकेकाई तशीच. गाल गुलाबी झालेले, अगदी उटणं लावून झोपी गेल्यासारखी. इतकी सुंदर ती मला कधी दिसली नव्हती, आणि त्या रंगाची मला आजही भीती वाटते. मी आधी गिझरचा खटका फिरवला. नवऱ्याने तिला चादरीत गुंडाळून उचललं आणि गॅलरीकडे धाव घेतली. त्याच वेळी आबा आम्हाला ओलांडून आत शिरले. मागे बघितलं तर ते खिडकीवर तुटून पडले होते, नखांनी चिकटपट्टी ओरबाडत होते. चिकटपट्टी. पुठ्ठा नुसता टेकवला नव्हता, चारी बाजूंनी चिकटवला होता.

गॅलरीतून मी किंचाळले असेन. खाली शेजारचे चेअरमन आपल्या जनरेटरपाशी उभे होते, त्यांनी वर बघितलं आणि काही न विचारता गाडी काढली. ज्यांच्या धुरावरून आम्ही वर्षभर त्यांना शिव्या घातल्या, त्यांच्याच गाडीत मी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसले. रस्त्यावर फटाक्यांचा धूर नुसता कोंदला होता. चेअरमननी विचारलं, काच वर करू की खाली? इतकी वर्षं शिकवलं आणि त्या साध्या प्रश्नाचं उत्तर येईना. उघडी ठेवा, मी म्हटलं, आणि पदराने तिचं नाक अर्धवट झाकून, छाती वरखाली होते की नाही तेवढंच बघत राहिले. होत होती. मध्येच थांबल्यासारखी वाटायची, मग परत होत होती.

दवाखान्यात तिला लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होते, त्यांना बघताक्षणी कळलं. हिवाळ्यात अशा केसेस येतात म्हणाले. बाथरूमला खिडकी नव्हती का, त्यांनी विचारलं. मागून रिक्षाने आबा येऊन पोचले होते. अंगात बनियन, पायात दोन वेगवेगळ्या चपला, छातीची शिट्टी दारापासून ऐकू येत होती.

"खिडकी होती," आबा म्हणाले. "मी बंद केली."

त्या क्षणी मला त्यांचा असा संताप आला की हात उचलला गेला असता. सासरे, वडीलधारे, काही काही आठवलं नाही. आणि मग त्यांची बोटं दिसली. दोन नखं मुळापासून निघाली होती आणि त्यांनी ती बनियनमध्ये लपवून धरली होती. ते बाकावर बसले, लेंग्याच्या खिशातून पंप काढला, आणि तोंडाशी नेऊन परत खाली ठेवला. तिला आधी येऊ दे, असं काहीतरी पुटपुटले. मी तो पंप त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. घ्या म्हटलं, दोघांना एकदम सांभाळायला माझ्याकडे जीव एकच आहे. त्यांनी मुकाट्याने घेतला.

ऊन वर आलं तेव्हा लेकीने डोळे उघडले. मास्कमधून काहीतरी बोलली. मी कान नेला. "आई, डोक्यात शिकेकाई राहिली," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी सगळ्या वॉर्डासमोर भोकाड पसरून रडले.

घरी आल्यावर नवऱ्याने गिझर उतरवला. आबांनी खिडकीच्या काचांच्या पट्ट्या एकेक करून काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकल्या. खिडकीच्या जागी नुसतं भोक राहिलं. लाइट गेले की धूर आता बिनअडथळा घरभर यायचा आणि आबा ओणवे होऊन बसायचे. मी पडदा तरी लावू या म्हटलं. नाही म्हणाले. मग मीच शेजारी गेले आणि चेअरमनसमोर बोलले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

त्यांनी मनावर घेतलं. नळकांडं थेट त्यांच्या गच्चीच्या वर नेलं, आणि फराळाचं ताट घेऊन स्वतः दाखवायला आले. आबांना गॅलरीत नेऊन म्हणाले, आता कुणाकडेच जात नाही बघा, सरळ वर जातो. आबांनी मान वर करून बघितलं. "वर म्हणजे कुणाकडे?" त्यांनी विचारलं. चेअरमनना वाटलं आबांचा नेहमीचा तिरकसपणा, ते हसले. मी हसले नाही. आबा खरंच विचारत होते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर वर्गात आकृती काढताना मी धुराड्यावर बोट ठेवून विचारलं, हा बाण कुठे जातो? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, बाहेर, बाई.

आबांनी एक नवीन नियम मात्र घातला. बाथरूममध्ये कुणीही असलं की ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि थोड्या थोड्या वेळाने हाक मारायचे. आतल्याने ओ द्यायची. पाणी आता स्वयंपाकघरात पातेल्यात तापत होतं, बाथरूममध्ये पेटण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी आबा बसायचे. लेक कॉलेजात गेल्यावर वैतागायची. मैत्रिणी घरी आल्या की तिला लाज वाटायची. पण ओ द्यायची.

ती शिकली, आणि तिलाही आयटीतच नोकरी लागली. आबा आता फारसे उठत नाहीत. दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावायला सांगतात, मी स्पीकर चालू करून त्यांच्या उशाशी ठेवते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. जेवलीस का वगैरे झालं, आणि आबांनी विचारलं, बसतेस तिथे खिडकी आहे का? आहे की आबा, भिंतभर काच आहे, ती म्हणाली, टेकडी दिसते सगळी. उघडते का? छे, ती हसली, सगळं सीलबंद असतं, एसी असतो ना. मग लाइट गेले की? कळतसुद्धा नाही आबा, खाली मोठे जनरेटर आहेत, पापणी लवायच्या आत सुरू होतात.

"आणि धूर?" आबांनी विचारलं.

"तो बाहेर जातो."

खोलीत त्यांच्या छातीची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. मी फोन त्यांच्या तोंडाजवळ सरकवला. ते छताकडे बघत होते आणि त्यांचा हात चादरीवर काहीतरी ओरबाडत होता.

"आबा?" तिकडून लेकीचा आवाज आला, जरा घाबरलेला. "आबा, ओ द्या ना."

त्यांनी ओ दिली, पण बऱ्याच वेळाने.